दोन आखाज्यांची तहान

सांगलीत कुणालाही विचारा, वैशाखात जळगावला जावं का. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग तुमच्या पांढऱ्या केसांकडे. आमच्या गल्लीतल्या भटजींनी दोन्हीकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तिथं उन्हात धोंड्यावर पापड भाजतात म्हणे. दिवाळीत जा." पण मला बोलावणं होतं ते आखाजीचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ आणि पन्हं होतं, आणि गुंजभर सोनं घेतलं की सण आटोपतो. खानदेशात हाच सण दिवाळीच्या तोडीचा. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात आणि जगातून गेलेल्यांना त्या दिवशी पाणी मिळतं.

पत्र माझ्या विहीणबाईंचं होतं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा तालुक्यात त्यांची केळीची शेती आहे. माझी एकुलती मुलगी नलिनी त्यांच्या सुरेशला दिली होती. सात वर्षं संसार झाला, मूलबाळ नव्हतं. पावणेतीन वर्षांपूर्वी भाद्रपदात ती काविळीनं गेली. पावसात तारा तुटलेल्या, रस्ते वाहून गेलेले. मला कळलं चौथ्या दिवशी. मी पोचलो तेव्हा राखसुद्धा नदीत गेली होती. मी माझी मुलगी आजारी पाहिली नाही आणि गेलेलीही पाहिली नाही. पुढच्या आखाजीला सुरेशनं लिहिलं, की नलूच्या नावानं पितरांच्या पाण्याची पहिली घागर भरायची आहे, या. मी उलट टपाली कळवलं, "माझ्या मुलीची घागर भरू नये. ती गेलेली नाही."

मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. वेडा नाही. तरी हे लिहिलं आणि ते लिहिताना मला ते खरंच वाटत होतं.

यंदा अक्कांनी सुरेशकडून लिहवून घेतलं होतं, "मास्तर, तुमच्या शब्दाखातर दोन आखाज्या पोर तहानलेली ठेवली. यंदा तुम्ही या. भरू नका असंच म्हणायचं असेल तर आमच्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणा." मी तेवढंच म्हणायला निघालो होतो. सोबतीला थैलीत देवी होती.

या देवीबद्दल आधीच सांगितलेलं बरं. मुंबईच्या कलाशाळेत आमची पहिली दोन वर्षं प्लास्टरची ग्रीक डोकी काढण्यात गेली. नाक, ओठ, छाया, पुन्हा नाक. एकदा फुटकी डोकी भंगारात काढली, त्यातलं एक मी मागून घेतलं. नारळाहून थोडं मोठं, नाकाचा शेंडा उडालेला, केसांत गव्हाच्या ओंब्यांची माळ. आमचे शिक्षक म्हणाले, ही दिमीतर, ग्रीकांची धान्याची देवी. तिची मुलगी फुलं तोडत असताना पाताळाच्या राजानं उचलून नेली आणि आईला कुणी कळवलंही नाही. ती रानोमाळ शोधत फिरली. तिनं जमिनीतून कोंब वर येऊ दिला नाही, तेव्हा कुठं देवांनी मुलगी परत पाठवली. पण पाताळात असताना मुलीनं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. म्हणून वर्षातले काही महिने ती तिकडे असते, बाकीचे आईजवळ.

लग्न झाल्यावर ते डोकं मी फडताळात ठेवलं होतं. बायको म्हणाली, "देवी आहे ना? मग फडताळात कशाला?" तिनंच कुंकू लावून तिला देवघरात जोतिबाच्या टाकाशेजारी बसवलं. बायको गेली तशी पूजा माझ्याकडे आली. गेली वीस वर्षं रोज सकाळी जोतिबाला दवणा, अंबाबाईला फूल आणि दिमीतरला चिमूटभर गहू आणि मधाचं बोट. मला ग्रीक येत नाही, मी तिच्याशी मराठीतच बोलतो. भटजी म्हणतात, "तेहतीस कोटी कमी पडले का मास्तर?" मी म्हणतो, "त्या तेहतीस कोटींत ही धरलेली नाही कशावरून?" खंडित मूर्ती पुजू नये, असंही ते बजावतात. नलू गेल्याची तार आल्यावर मी जोतिबाशी बोलणं टाकलं, अंबाबाईशीही टाकलं. हिच्याशी टाकलं नाही. मुलगी परत आलेली अशी एवढी एकच आई माझ्या ओळखीची होती.

जळगाव

सुरेश मला न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, म्हणून एक संध्याकाळ जळगावात काढायची होती. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं माझं उघडं डोकं पाहिलं आणि भाडं ठरवायच्या आधी म्हणाला, "काका, रुमाल बांधा. कान झाका. इथं ऊन कानातून शिरतं." मी बांधला. मग माझ्यात आणि गावात काही फरक राहिला नाही, सगळेच तोंडं बांधलेले.

खानावळीत कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी आली. कळणा म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळपट, पण चवीला आमच्या शाळूच्या भाकरीच्या पुढे. आम्ही सांगली-कोल्हापूरचे लोक तिखटाचा फार टेंभा मिरवतो. त्या भाजीचे दोन घास खाल्ले आणि मी गुपचूप ताकाचं भांडं पुढे ओढलं.

ऊन उतरल्यावर सराफांच्या बाजूला गेलो. एका ओट्यावर एक म्हातारे कारागीर चांदीच्या पत्र्यावर देवांचे टाक ठोकत बसले होते. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांत चुका काढलेला, राहवेना. म्हटलं, "आजोबा, डोळे फार मोठे झाले. कानापर्यंत गेले."

ते मान वर न करता म्हणाले, "देवले दूरनं दिसाले पाहिजे ना, भाऊ."

त्यांच्यापुढे एक लहान टाक होता, वर ओवायला कडी. बाईची आकृती, हात जोडलेले. मी विचारलं, ही कोणती देवी.

"देवी नही. हाऊ सवतना टाक शे. पहिली बायको मरी गयी, दुसरी उनी, का दुसरीनी गयामा घालना. पहिलीले मान दिधा बिगर दुसरीले काही गोड लागत नही."

"चेहरा कुणाचा काढता?"

"आम्ही कोठे देखेल ऱ्हातस तिले? बठ्ठासले एकच चेहरा." म्हणजे सगळ्यांना एकच.

सुरेशनं गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं होतं. त्यानं कळवलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. तो टाक मी हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायची ही चाल आमच्याकडेही आहे, पण ती दुसऱ्यांच्या घरातली होती. तिथून तडक धर्मशाळेत परतलो आणि देवीला मधाचं बोट लावून पडून राहिलो.

तापीपलीकडे

सुरेश आला तो वाळलेला वाटला. वाकून नमस्कार केला, "बाबा, थैली द्या" म्हणाला. मी थैली दिली नाही. चोपड्याच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा केळीचा व्यापारी बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"काय शे थैलीमा, मास्तर? कलिंगड?"

मी टॉवेल जरा बाजूला केला. तो दचकला, मग सावरून म्हणाला, "पुढारीना पुतळा का?"

"देवी आहे."

"नाक कोनी तोडं?"

पुढच्या दोन बाकांवरचे लोक वळून पाहू लागले. एका म्हातारीनं मात्र हात लांब करून देवीच्या कपाळाला बोटं लावली आणि ती आपल्या कपाळाला टेकवली. तिनं कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. देवी म्हटल्यावर तिच्या दृष्टीनं चौकशी संपली होती.

तापी आली. पूल केवढा लांब आणि खाली पाणी एका कडेला, बाकी सगळी वाळू. त्या वाळूत वेल पसरलेले आणि वेलांना पिवळी खरबुजं. इकडे त्यांना डांगर म्हणतात. सुरेश म्हणाला, "आखाजीच्या घागरीवर हेच ठेवतात." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नदी ओलांडली आणि केळी सुरू झाली. चहूकडे रान करपलेलं आणि मध्येच हिरव्या भिंतीसारखे केळीचे मळे, आत बुंध्यांपाशी ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या. तेवढ्यात एसटी खड्ड्यात आदळली. मांडीवरची थैली पुढच्या बाकाच्या दांड्यावर आपटली आणि आतून बारीक आवाज आला. देवीच्या हनुवटीचा कपचा उडाला होता. मी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला. माझ्या हातानं तिचं इतक्या वर्षांत काही मोडलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

फाट्यावर उतरून चालायचं होतं. फाट्याला दगडांचा एक ढीग आहे. कुठला देव, सुरेशला ठाऊक नव्हतं; येणारा-जाणारा एक दगड टाकतो, एवढंच. त्यानं टाकला, मीही टाकला. ग्रीकांचा एक वाटेचा देव होता, हर्मीस नावाचा. त्याचीही ठाणी अशीच फाट्यावरची दगडांची. वाटसरूंना तो घरी पोचवायचा आणि मेलेल्यांना खाली. हे दुसरं काम मला त्या ढिगापाशी आठवलं आणि मी पाय उचलला.

आखाजीचा आदला दिवस

घराच्या दारात लिंबाला झोका बांधलेला होता. माहेरी आलेल्या मुली त्यावर गात होत्या. ओट्यावर अक्का बसल्या होत्या.

"उनात का मास्तर? बरं जयं. बठा." आलात, बरं झालं, बसा.

पाण्याचा तांब्या घेऊन सून आली. कमल तिचं नाव, पंचवीस-सव्विसाची असेल. वाकताना तिच्या मंगळसूत्राखालून काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक पुढे आला. बाईची आकृती, हात जोडलेले, डोळे कानापर्यंत गेलेले. माझ्या मुलीच्या चेहऱ्याशी त्याचं काही साम्य नव्हतं. तरी मी तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला.

जेवताना कमल पलीकडे बसली होती. पहिला घास तिनं मोडला, टाकाला लावला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि मग खाल्ला. मला जेवण गेलं नाही. उन्हाचं निमित्त सांगून उठलो.

दुपारी अक्कांनी थैलीकडे बोट केलं. मी देवी बाहेर काढून पाटावर ठेवली. त्यांनी तिचं तुटलं नाक पाहिलं, ताजी तुटलेली हनुवटी पाहिली.

"हाई कोन शे?"

"एका हरवलेल्या मुलीची आई."

"पोर सापडनी का?"

"सापडली. पण पुरती नाही. काही महिने आईकडे, काही महिने तिकडे."

"तिकडे म्हंजे सासरले."

"पळवून नेली होती, अक्का."

"आम्हले बी कोनी इचारीसन आणेल नही, मास्तर." त्या हसल्या नाहीत. पाट जवळ ओढला आणि म्हणाल्या, "हिले गौराईजोडे बसाडा. आमनी गौराई दरसाल माहेरले येस, पन तिनी माय कोनी देखेल नही."

गौराई म्हणजे पार्वती. महिनाभर ती इथं माहेरपणाला येते, मुली रोज तिच्यासाठी गात गात पाणी आणतात, आणि आखाजीनंतर शंकर तिला न्यायला येतो. आमच्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसते, पण तिला सासरी धाडताना कुणी डोळे पुसत नाही. इथं कोनाड्यात लाकडाची रंगवलेली गौराई होती, दीड वीत उंचीची. अक्कांनी माझ्या प्लास्टरच्या देवीला तिच्या उजव्या अंगाला ठेवलं आणि दोघींना हळद लावली. भटजींनी मला वीस वर्षं जे समजावलं होतं, ते या बाईंना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी विषय काढला.

"मास्तर, राग धरू नका. एक इचारस. तुमना सांगलीले तुम्ही तिले पानी देतस का?"

"नाही. मुलगी दिली की बापाच्या पितरांत तिची गणती होत नाही."

"मंग आठे बी नही, तठे बी नही. पोर जाई कोठे?"

मी म्हणालो, "ती गेलेली नाही, अक्का." माझा आवाज माझ्याच कानाला शाळेतल्या हट्टी पोरासारखा लागला.

"तिनी या घरना दाना खादा, मास्तर. सात वरीस खादा. तुमनी व्हती, तशी आम्हनी बी शे. तुम्हीन नही म्हनं, म्हनीसन आम्ही हात बांधी बठनूत. पन दोन वरीस मना घसामा आंबाना घास गया नही." एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्यांच्याकडे पितरांना दाखवल्याखेरीज आंबा चाखत नाहीत, हे मला कमलनं सांगितलं. नलूला पाणी नाही, म्हणून अक्कांनी दोन उन्हाळे आंब्याला हात लावला नव्हता. कमल दिवा लावून तिथंच उभी राहिली होती. मी तिला विचारलं, सगळ्या मुली माहेरी आल्या, तू का गेली नाहीस? तिला आईबाप नव्हते, पारोळ्याच्या काकांनी वाढवलेली. "काकांना आता जमत नाही. न्यायला कुणी आलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं.

"घास लावताना काय म्हणतेस?"

तिनं टाक पदरात झाकला. "म्हणते, ताई, तू खा, मग मी खाते. एकदा विसरले होते तर दिवसभर काही गिळलं नाही." मग हळूच म्हणाली, "घास मी देते, बाबा. पाणी माझ्या हातात नाही. पाणी आखाजीचं."

ती आत गेली. मला नलू सात वर्षांची असतानाची एक दुपार आठवली. मी तिला दिमीतरची गोष्ट सांगत होतो. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "पण बाबा, आईनं तिला परत जाऊ कसं दिलं?" मी म्हणालो, "तिनं तिकडचे दाणे खाल्ले होते ना. ज्या घरचा दाणा खाल्ला त्या घरची ती झाली. नियमच आहे." हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं. आणि गेली पावणेतीन वर्षं मी त्या देवीपुढे रोज बसून तिच्या गोष्टीचा अर्धाच भाग आळवत होतो. तिनं मुलगी परत मिळवली, एवढंच मला हवं होतं. दर वर्षी ती त्याच मुलीला स्वतः निरोप देते, तेवढं मी सोडून दिलं होतं.

उंबरा

आखाजीच्या सकाळी कमलनं उंबरा धुतला. नवी मातीची घागर भरून गव्हाच्या राशीवर ठेवली. तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी आंबा आणि दोन सांजोऱ्या, म्हणजे गोड सांजा भरलेल्या तळलेल्या पुऱ्या. सगळं मांडून झाल्यावर सुरेश उंबऱ्यापाशी बसला. अक्का कुंकवाचं ताट धरून उभ्या. मी ओसरीवर खांबाला टेकून.

इथली रीत अशी, की ओल्या कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर उभं ओढायचं आणि एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. सुरेश नावं घेत होता, पणजोबा, पणजी, आजोबा, बाळपणी गेलेला चुलता. प्रत्येक नावाला एक तांबडी रेघ. अक्कांच्या यजमानांची पाळी आली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. ते सुरेशनं घेतलं. मग तो थांबला. त्याचं बोट ताटात होतं आणि ते वर येत नव्हतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा, मास्तर. उंबऱ्यावर इसन सांगा."

मी उंबऱ्याजवळ गेलो. काय म्हणायचं ते सांगलीपासून घोकलेलं होतं. तोंड उघडलं तर त्यातलं काही आलं नाही. मी सुरेशच्या शेजारी खाली बसलो, ताटात बोट बुडवलं आणि रेघ ओढली. हातात पट्टी न घेता फळ्यावर सरळ रेघ मारणारा म्हणून शाळेत माझी ख्याती होती. ही रेघ वाकडी आली, खाली येता येता फाटली.

"नलिनी," मी म्हणालो.

मला रडू आलं. चारचौघांत, परक्या गावात, लग्नात हात जोडून ज्यांच्यापुढे उभा राहिलो होतो त्यांच्या दारात मी मोठ्यानं रडलो. तार आली तेव्हा रडलो नव्हतो. सुरेशनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तोही रडला. जरा वेळानं मी डोळे पुसले आणि ती वाकडी रेघ पुसून नीट काढायला गेलो, जन्माची खोड. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या. पुसू नका. बोट बापनं शे."

शेवटी सुरेशनं आणखी एक बोट ओढलं. ज्यांची नावं आता कुणालाच आठवत नाहीत त्यांच्यासाठी एक असतं. मग चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप-पोळीचा घास टाकला. याला आगारी म्हणतात. ग्रीकांच्या घरीही पहिला वाटा चुलीच्या देवीला, हेस्तियाला जात असे, हे मला एरवी लगेच सुचलं असतं. त्या दिवशी ते मागाहून सुचलं. धूर सरळ वर गेला. अक्का म्हणाल्या, "पोचनं."

दुपारी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावरची पुरणाची पोळी आणि आमरस. पोळी सुपाएवढी मोठी आणि रुमालासारखी पातळ. आमच्या पोळ्या तिच्यापुढे बिस्किटं. अक्कांनी रसाची वाटी उचलली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग प्यायल्या. मीही पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी गौराईची पाठवणी झाली. मुली गात होत्या, माहेर सुटतं म्हणून गौराई रडते असं काहीसं गाणं होतं. कोनाड्यात माझी देवी होती. सांगलीच्या देवघरात तिच्यावर डावीकडून उजेड पडतो. तीस वर्षांत मी ती शंभर वेळा तरी काढली असेल, दर वेळी वाट बघणारी. इथं दार उजवीकडे होतं. छाया दुसऱ्या गालावर गेली होती आणि तेच तोंड निरोप देणाऱ्या बाईचं दिसत होतं. नाक नव्हतं, हनुवटी नव्हती, तरी दिसत होतं. मी वही काढली नाही, नुसता बघत राहिलो.

निघताना मी थैली रिकामीच उचलली. अक्कांना म्हटलं, "हिला इथंच राहू द्या. गौराई पुढच्या वर्षी येईल तेव्हा आई घरात असलेली बरी." खिशातला हनुवटीचा कपचा मात्र मी ठेवून घेतला. कमलनं सांजोऱ्या बांधून दिल्या आणि नमस्काराला वाकली. टाक पुन्हा पुढे आला. या वेळी मी नजर काढली नाही.

धुळे

परतीला अमळनेरवरून धुळ्याला आलो. पुण्याची गाडी संध्याकाळची होती. धुळ्याचे रस्ते सरळ आणि रुंद, आखणी करणाऱ्याच्या हातात पट्टी होती हे लगेच कळतं. आमच्या सांगलीत रस्ते म्हशींनी आखले. स्टँडवर सावलीला बसून मी पुडकं सोडलं. सांजोरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडाकडे नेता नेता थांबलो. खिशातून प्लास्टरचा कपचा काढला, घास त्याला लावला आणि मग खाल्ला. शेजारच्या माणसानं पाहिलं आणि जरा सरकून बसला.

मग टपाल कचेरीत जाऊन एक पोस्टकार्ड घेतलं आणि तिथल्या दोरी बांधलेल्या पेनानं उभ्या उभ्याच लिहिलं:

"चि. सौ. कमल हीस, सांगलीच्या बाबांचे अनेक आशीर्वाद. यंदा दिवाळीला मी तुला सांगलीला माहेरी न्यायला येत आहे. अक्कांना विचारून ठेव. प्रवासात दागिने अंगावर नकोत असं सगळे सांगतील, ते ऐक. गळ्यातला टाक तेवढा काढू नकोस. त्या घरी मी नलूचीही वाट बघतो आहे."